टॉवेल दिसतोय, बरी आहे

दुपारचे चार वाजले की मी टॉवेल वाळत घालायला माडीवर जायचे. वाळत कसले, कोरडेच असायचे ते. बारा खोल्यांचं लॉज, अकरा बाल्कन्यांत अकरा पांढरे टॉवेल. खालच्या रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, भरलंय. ही मावशीची युक्ती.

“ओस जागेत कोण पाय ठेवतं?” ती म्हणायची. “दोन दारांबाहेर चपलाही ठेव. आणि स्वतःच्याच पावलांना दचकू नकोस, आमची पदवीधर भित्री भागूबाई!”

साथ ओसरली होती, पण प्रवासी काही परतले नव्हते. महिनाअखेरपर्यंत लॉजवर माणसं दिसली नाहीत तर मालक जागा काढून घेणार होता. मावशीला आणि मला दुसरं छप्पर नव्हतं.

नऊ नंबरला मी टॉवेल घालत नसे. तिथे कुलूप होतं.

सगळं बंद झालं त्या दिवसांत एकटीच फिरायला आलेली एक बाई त्या खोलीत अडकली होती. आम्ही त्यांना नऊच्या ताई म्हणायचो. त्यांना ताप आला, घसा बसला, फोनवर बोलवेना. मावशीला दमा, आत जायची सोय नाही. मग ताईंनी दाराखालून चिठ्ठी सरकवली. ‘रोज सकाळी बाल्कनीत टॉवेल टाकीन. दिसला की समजा, बरी आहे.’ त्यांचा स्वतःचा होता, निळ्या पट्ट्यांचा. अंगणातून बघायचं काम माझं. मी बघायचे आणि ओरडायचे, “मावशी, टॉवेल दिसतोय, बरी आहे!”

दाराबाहेर ठेवलेलं ताट तसंच परत यायचं. तापात अन्न जात नसेल, हे आमचं आम्हीच ठरवून टाकलं.

पाचव्या दिवशी दार फोडलं, तेव्हा ताई केव्हाच गेल्या होत्या. टॉवेल चार दिवस जागचा हललाच नव्हता. लाकडासारखा ताठ झालेला, घडीवर धुळीची रेघ. त्यांच्या सगळ्या सामानाबरोबर तोही जाळला. मी उभी राहून पाहिलाय जळताना.

तर महिनाअखेर जवळ आली असताना एका दुपारी फोन आला. एका मुलीचा.

“मी एकटीच फिरते. आजूबाजूला माणसं असतील ना? रिकाम्या लॉजवर नाही राहत मी.”

“अहो, भरलंय आपलं!” मावशी म्हणाली.

मुलगी आली. पाठीवर तिच्याएवढीच सॅक, तोंडभर हसू. मावशीने तिला आठ नंबर दिला. मी मावशीला बाजूला ओढलं.

“दोन नंबर दे ना गं.”

“दोनचं छत गळतं. इतक्या दिवसांनी एक माणूस आलंय, त्याला बादलीशेजारी झोपवू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा प्यायला खाली आली. डोळे कसे टवटवीत.

“मस्त झोप लागली. आधी जरा धाकधूक होती, पण शेजारच्या ताईंनी धीर दिला.”

“कुठल्या… शेजारच्या?” मी विचारलं.

“नऊच्या. संध्याकाळी बाल्कनीतून बोललो आम्ही. घसा बसलाय त्यांचा, फार हळू बोलतात. म्हणाल्या, एकटी आहेस तर रोज सकाळी टॉवेल बाहेर टाकत जा. खालून एक मुलगी बघते.” ती माझ्याकडे वळली. “बघता ना तुम्ही?”

मावशीने तिच्या कपात आणखी चहा ओतला. मग ती म्हणाली, “हो… जुन्या आहेत त्या आपल्याकडे.”

मुलगी फिरायला बाहेर पडली तशी मी मावशीचा दंड धरला. “नऊला कुलूप आहे, मावशी. किल्ली तुझ्या कमरेला आहे.”

“असू दे.”

“तिला सांगू या आपण.”

“काय सांगशील? लॉज रिकामं आहे हे, की शेजारी कोण आहे ते?” तिचे डोळे भरून आले होते. “ती गेली तर आपण कुठे जायचं गं?”

मी अंगणात गेले. मान वर करायची नाही असं ठरवून गेले, आणि केलीच. आठच्या कठड्यावर पांढरा टॉवेल होता. नऊच्या कठड्यावर निळ्या पट्ट्यांचा. ओला. त्याचं पाणी थेंब थेंब फरशीवर पडत होतं… माझ्या पायांजवळ.

मुलगी चार दिवस राहिली. रोज सकाळी मी धावत माडीवर जायचे आणि तिचं दार वाजवायचे, टॉवेलवर भरवसा ठेवायचे नाही. ती हसत दार उघडायची. निघताना म्हणाली, “ताई तुमची चौकशी करत होत्या. म्हणाल्या, ती बघणारी मुलगी कुठे झोपते? तिचा टॉवेल कुठेच दिसत नाही.”

लॉज वाचलं. तिने एकट्या फिरणाऱ्या किती जणींना सांगितलं कोण जाणे, फोन थांबेना. सगळ्यांना नऊच्या शेजारची खोली हवी. आता बाल्कन्यांत खरेखुरे ओले टॉवेल असतात. मावशीला श्वास घ्यायला फुरसत नाही.

आणि मला ताप आहे. घसा बसलाय, हाक दारापर्यंतही पोचत नाही, म्हणून वहीत लिहितेय. मोबाईल काउंटरवर चार्जिंगला राहिला. दाराला आतून कडी आहे, उठायला गेले की डोळ्यांपुढे अंधारी येते. बाहेर ताट ठेवल्याचा आवाज येतो, मग उचलल्याचा. अन्न जात नसेल, असं मावशीने ठरवलं असणार.

माझी खिडकी अंगणात उघडते. तिच्या गजांवर बाहेरून टॉवेल टाकलेला आहे. निळ्या पट्ट्यांचा. मी टाकलेला नाही. सगळी ताकद लावून हात पोचवला, पण ओढता आला नाही. ताठ आहे. घडीवर धूळ.

आज तिसरा दिवस.

आत्ताच अंगणातून मावशीचा आवाज आला. घाईतला, पण समाधानाचा. “टॉवेल दिसतोय ना, बरी आहे.”

कुणाला सांगत होती, कळलं नाही. पण वरून, माडीवरून, कुणीतरी बसलेल्या घशाने म्हणालं, “हं…”