‘पऱ्हॅप्स’ आणि अर्धं मिनिट

त्या खोलीत ती आली ती दुसरीच्याच जागी. शब्दकोशाच्या ॲपसाठी इंग्रजी उच्चार देणाऱ्या बाईंचा घसा ऐनवेळी बसला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंनी हिला बोलावून घेतलं. ही रेडिओवर बातम्या वाचायची. ताईंनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं — बुलेटिन.

तिच्या समोरच्या खुर्चीत तो बसलेला होता. शब्दांचे अर्थ, उच्चार आणि मूळ लिहिणारा. तिचा उच्चार चुकला की हात वर करायचा, एवढंच त्याचं तिथलं काम. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

“कोशवाले,” काचेपलीकडून ताई म्हणाल्या, “शब्दाबरोबर तुमचा शर्टही वाजतोय. एक तर हलू नका, नाहीतर शर्टाला बाहेर बसवा.”

तो हलला नाही. ध्वनिमुद्रण चालू असताना पंखा बंद ठेवावा लागे. घामाचा ओघळ त्याच्या कानामागून कॉलरमध्ये उतरला, तरी त्याने पुसला नाही. तिने ते पाहिलं, आणि ‘पेशंटली’ म्हणताना नेमकं तिला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तो जुन्या, मऊ, चुरगळलेल्या शर्टात आला.

“इस्त्रीवाला रुसला वाटतं?” तिने विचारलं.

“नाही. मला हात वर करता यायला हवा होता.”

“म्हणजे काल माझे उच्चार चुकले होते?”

“दोन-तीन,” तो म्हणाला, “पण हसत होतात. थांबवावंसं वाटलं नाही.”

मग रोजच भेट होऊ लागली. एक शब्द संपला की तो उठून पंखा लावायचा आणि त्याचं तोंड तिच्याकडे वळवायचा. तिच्यासाठी कोमट पाणी आणायचा, गार नाही. गार पाणी तिच्या घशाला चालत नाही, हे त्याला न सांगता कळलं होतं. तिच्या बातम्या तासाभरात शिळ्या होत. हा माणूस मात्र शेकडो वर्षांचे शब्द घरच्या म्हाताऱ्यांसारखे ओळखायचा, त्यांच्या खोडींसकट. स्वतःविषयी मात्र अवाक्षर काढायचा नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी तिला फोन आला. दुसऱ्या शहरातलं मोठं केंद्र, मुख्य निवेदिकेची जागा, उत्तर आजच हवं. जिन्यातच तिने त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं.

“तुम्हाला काय वाटतं?”

“संधी चांगली आहे.” तो कठड्याकडे बघत होता. “कदाचित… जायला हवं तुम्ही.”

तिला सल्ला नको होता. तुझ्यावाचून करमणार नाही, एवढं एक वाक्य हवं होतं. ते असतं तर ती गेली असती की राहिली असती, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण ते न ऐकता जाणं तिच्या जिवावर आलं होतं.

शेवटचा शब्द उरला होता. ‘पऱ्हॅप्स’.

“पऱ्हॅप्स की प्रॅप्स?” तिने माइकसमोर बसत विचारलं. आवाजात जरा धार होती.

“दोन्ही. सावकाश बोलताना पहिला. घाईत दुसरा.”

“अर्थ?”

“कदाचित. ‘बहुधा’पेक्षा जरा कमी खात्रीचं.”

“तुमच्या तोंडी शोभतो. आणि मूळ?”

“‘पर’ लॅटिनमधून आलं. च्या योगे, असं काहीतरी. ‘हॅप’ उत्तर युरोपातला जुना शब्द, म्हणजे नशीब. ‘हॅपी’सुद्धा त्याच घरातला. ज्याचं नशीब उघडलं, तो.”

“एकाच घरातले दोघं,” ती म्हणाली, “आणि एक आयुष्यभर उंबऱ्यातच उभा.”

“अहो, भावकीचं भांडण नंतर करा,” ताई म्हणाल्या. “शब्द द्या.”

तिने दोन्ही उच्चार दिले. त्याने हात वर केला नाही.

“छान. आता खोलीची शांतता घेते. आजचं काम जोडताना हीच शब्दांच्या मागे भरावी लागेल. अर्धं मिनिट कुणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही.” लाल दिवा लागला.

पंखा बंद. ती हातांकडे बघत बसली. हे संपलं की उठायचं, फोन करायचा, हो म्हणायचं…

“शब्द कुठेही बसून लिहिता येतात.”

तिने मान वर केली. ज्याने पहिल्या दिवशी घामही पुसला नव्हता, तो लाल दिव्यासमोर बोलत होता.

“त्या शहरात खोली मिळेल मला. सकाळी फोनचं सांगितलंत, तेव्हाच मनात आलं होतं.”

“मग जिन्यात का नाही बोललात?”

“तुमच्या आनंदाच्या बातमीत आपलं घोडं कुठे दामटायचं… आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर? मला तुमच्याशिवाय… नाही जमणार. हे आधी सांगायला हवं होतं.”

“हो, हवं होतं,” ती म्हणाली. मग हलकेच, “खोली माझ्या केंद्राजवळ बघ. मला सकाळची पाळी असेल.”

“झालं का?” ताईंचा आवाज आला. “कारण शांतता वाया गेली. पुन्हा घेते. आणि कोशवाले, हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या.”

दुसऱ्या खेपेला ती हसली. तिसऱ्या खेपेला त्याने टेबलाखालून तिचा हात धरला आणि दोघंही चिडीचूप बसले.

ती शांतता चांगली आली. ॲपमध्ये ‘पऱ्हॅप्स’वर बोट ठेवलं की तिचा आवाज येतो आणि त्यामागे त्याच अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा असतो. ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. ताईंना तेवढं कळतं, आणि त्यांनी ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.