पुढे केलेला पाय

राजेश्वरीने गाडीचं मागचं दार उघडलं, तरी कुत्रा खाली उतरेना. दहिवडीपासून बऱ्याच आत, माळावरच्या त्या वस्तीत दुपारचं ऊन मी म्हणत होतं. सीटच्या कडेला उभा राहून तो खालच्या मातीकडे बघत होता, विहिरीत डोकावून बघावं तसा. माती त्याने जन्मात पाहिली नव्हती. पिंजरा, फरशी आणि रोज पाण्याच्या पाइपने धुतली जाणारी सिमेंटची गल्ली, एवढंच त्याचं जग. शेवटी तिने त्याला उचलून अंगणात ठेवलं. चारही पाय आवळून तो तसाच उभा राहिला. कान लांब, अंग पांढरं-तपकिरी, डोळे पाणीदार. कानाच्या आतल्या बाजूला गोंदलेला आकडा.

राजेश्वरी जनावरांची डॉक्टर होती. साताऱ्याबाहेरच्या एका केंद्रात ती नोकरी करायची. नवी औषधं माणसांना देण्याआधी तिथं उंदरांना, सशांना आणि मग कुत्र्यांना देऊन बघत. चाचणी संपेपर्यंत कुत्र्यांची तब्येत सांभाळायची, ठरल्या वेळी त्यांचं रक्त काढायचं, आणि चाचणी संपली की एका इंजेक्शनने त्यांना कायमचं झोपवायचं, म्हणजे आतले अवयव तपासता येतात. हे सगळं तिचं काम. हा कुत्रा तुलनेच्या गटातला. त्याला औषध नव्हतं, रिकामी कॅप्सूल होती, म्हणून तो उरला. रीतसर परवानगी घेऊन तिने तो मागून घेतला. का, ते तिला सहकाऱ्यांना नीट सांगता आलं नव्हतं.

कामाची तिला लाज नव्हती. कुणी वाद घातला, तर ती आईची गोष्ट सांगायची. मनुबाईंची बोटं सांधेदुखीने हळकुंडासारखी वाकडी झाली होती, पाण्याचा तांब्या धरवत नव्हता. मग त्या गोळ्या बाजारात आल्या आणि वर्षाच्या आत मनुबाई पुन्हा भाकरी थापायला लागल्या. त्या गोळ्यांची चाचणी राजेश्वरीच्याच केंद्रात झाली होती.

"भुकत न्हाई व्हय गं ह्ये?" आबांनी विचारलं. आबा म्हणजे तिचे वडील जोतीराम, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. आता मेंढरं आणि चार शेरडं राखायचे.

"नाही आबा. बाकीचे भुंकायचे. हा कधीच नाही."

"मग मुक्याच म्हणायचं," मनुबाई म्हणाल्या, आणि नाव पडलं.

मुक्या हळूहळू चालत आबांपाशी गेला. त्यांच्यासमोर आडवा उभा राहिला, पुढचा डावा पाय उचलला आणि सरळ पुढे धरला. नजर मात्र त्यांच्याकडे नव्हती. भिंतीकडे होती.

"आगं, शेकहँड करतंय की." आबांनी हसत तो पंजा हलवला आणि सोडला. पाय खाली गेला नाही. आबा उठून मेंढरांना पाणी पाजून आले, तरी पाय तसाच होता. राजेश्वरीने जवळ जाऊन तो हाताने खाली केला. मग मुक्या मनुबाईंपाशी गेला आणि त्याने तेच केलं.

संध्याकाळी चुलीपुढे मनुबाईंनी विषय काढला.

"त्यो पाय का पुढं करतोय गं?"

"पायातून रक्त काढायचो आम्ही. माणूस जवळ आलं की त्याला वाटतं, तेच करायचंय."

"माझ्या गोळ्यांपायी?"

"तुझ्या गोळ्यांच्या वेळी दुसरे होते."

"त्ये कुठं हायत?"

राजेश्वरीने चुलीत एक काटकी सारली. मनुबाई भाकरी थापत राहिल्या. जाळाच्या उजेडात त्यांची बोटं सरळ दिसत होती.

"त्येंनी बी आसाच पाय पुढं केला आसंल."

"आई, त्याशिवाय औषध होत नाही. तुझे हात बघ की."

"बगतीया की," मनुबाई म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

मुक्याला वस्तीवर ठेवून राजेश्वरी साताऱ्याला परतली. काही आठवडे बरे गेले. मुक्या मेंढरांमागं माळावर जातो, सावलीला बसतो, असं आबा फोनवर सांगायचे. मग एकदा म्हणाले, "राजू, आटपाडीच्या बाजारातनं आणलेली माडग्याळी मेंढी पाय उचलून धरतीया. काटा बगितला, खूर बगितला. कायबी न्हाई."

"लंगडते का?"

"लंगडत न्हाई. चालायला लागली की झ्याक चालती. हुबी ऱ्हायली की उचलती."

पुढच्या सुट्टीला ती गेली. मेंढीचा पाय तिने खुरापासून खांद्यापर्यंत दाबून पाहिला. सूज नव्हती, पाय गरम लागत नव्हता. पण पायाच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या वर, केस नव्हते. लहानसा चौकोन, कडा अगदी सरळ, आतली कातडी गुलाबी आणि स्वच्छ. रक्त काढायच्या आधी केंद्रात मशीनने केस काढतात, तसाच.

"आबा, हे कुणी कातरलं?"

"कातरायचं आसतं तर आख्खी मेंढी कातरली आसती. येवढा चौकोन कशाला कातरू?"

बुरशी असेल, असं ती स्वतःला म्हणाली. कातडी खरवडून नमुना घेतला. आणखी दोन मेंढरांना तसेच चौकोन दिसले, त्यांचेही घेतले. साताऱ्याला तपासणी झाली. बुरशी नव्हती, काहीच नव्हतं.

त्या दिवशी निघताना तिच्या लक्षात आलेली गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नाही. दिवस मावळायला मेंढरं माळावरून घरी येतात, तेव्हा दिवसभर जाळीत कोंडलेली कोकरं नुसता आकांत करतात. लहानपणी त्या आवाजाने तिला संध्याकाळ झालेली कळायची. आज जाळी उघडली, कोकरं बाहेर आली आणि आवाज न करता आयांच्या कासेला लागली. ज्यांना आई सापडली नाही, ती जागच्या जागी उभी राहिली. मुक्या दावणीजवळ बसून भिंतीकडे बघत होता.

नंतर आबांचे फोन आखूड होत गेले. दोन कोकरं उपाशी मेली, त्यांनी दूध मागितलंच नाही, असं एकदा ते म्हणाले. शेजारच्या वस्तीवरची सगळी कुत्री भुंकायची थांबली, असं मनुबाई म्हणाल्या. राजेश्वरीने रजा टाकली.

ती पोचली तेव्हा अंगणात कोंडीबा बसला होता. शेजारच्या वस्तीवरचा म्हातारा, आबांच्या बरोबरीचा. त्याने चहाला हात लावला नव्हता. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता.

"माजी शेळी लांडग्यानं न्हेली," तो म्हणाला.

"कधी?"

"काल. दिसाउजेडी. मी बांधावर हुतो, सगळं बगितलं. आमचा लाल्या तुला ठावं हाय, माणसाला बी वस्तीवर येऊ देत न्हाई. लांडगा आला, तर लाल्या गप हुबा." कोंडीबा थांबला. "लांडगा पळत न्हाई आला, पोरी. चालत आला. शेळीनं दावं वडलं न्हाई, वरडली न्हाई. पाय पुढं करून हुबी ऱ्हायली त्येच्याम्होरं. त्येला बी नवाल वाटलं आसंल. जरा थांबला त्यो. मग न्हेली."

अंगणाच्या टोकाला लाल्या बसला होता. थोराड, तांबडा, मानेवर जुन्या भांडणांचे वण. राजेश्वरीने त्याच्याकडे पाहिलं तसा तो उठला, तिच्यासमोर येऊन आडवा उभा राहिला आणि त्याने डावा पाय उचलला.

"न्हे त्येला माघारी," आबा मुक्याकडे न बघता म्हणाले.

"केंद्रात परत घेत नाहीत."

"दुसऱ्याच्या दारात सोडलं, तर तितं बी ह्येच व्हनार." आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काय करायचं, त्ये तूच बग."

तिच्या बॅगेत झोपवायचं औषध होतं. साताऱ्याहून निघतानाच तिने ते घेतलं होतं.

मनुबाई दारात आल्या. "त्येचा काय दोष हाय त्यात?"

"दोष कुणाचाच नाही आई. त्याच्या एकट्याचा जीव आहे, आणि इकडं इतक्यांचा."

"तुमच्या तितं बी आसंच म्हनत्यात का?"

राजेश्वरीने बॅग उचलली.

मुक्या गोठ्यामागच्या कडुलिंबाखाली होता. तिला बघून उठला. ती खाली बसायच्या आत त्याने पाय पुढे केला होता. जिथं केस वाढून आले होते, तिथं पुन्हा चौकोन होता. त्याला धरायला कुणी लागलं नाही. सुई आत गेली तेव्हा त्याने फक्त डोळे मिटले.

"कळतंय का गं त्येला?" मागून आबांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

तिने छातीला नळी लावून ऐकलं. ठोका थांबला होता.

मग एक कोकरू ओरडलं.

त्याच्यामागून दुसरं. मग सगळी जाळी ओरडायला लागली. मेंढ्यांनी साद दिली. अंगणाच्या टोकाला लाल्या आधी घोगरा आणि मग छाती फोडून भुंकला. कोंडीबाने दोन्ही हात कपाळाला लावले आणि लाल्याला घेऊन तो आपल्या वस्तीच्या वाटेला लागला.

आबांनी लिंबाखाली खड्डा घेतला. दोघांनी मिळून मुक्याला पुरलं. आबा काही बोलले नाहीत. राजेश्वरीला ते बरंच वाटलं. हौदावर जाऊन तिने साबणाने हात धुतले, परत धुतले, आणि ती आत गेली.

मनुबाई चुलीपुढे बसल्या होत्या. चूल विझली होती.

"आई, चहा टाकतेस?"

मनुबाई उठल्या. लेकीसमोर येऊन आडव्या उभ्या राहिल्या. उजव्या हाताने त्यांनी डाव्या हातातल्या बांगड्या एकेक करून वर सारल्या आणि हात सरळ पुढे धरला. नजर भिंतीकडे होती.

"आई."

हात तसाच राहिला.

राजेश्वरीने मागे वळून पाहिलं. दारात आबा उभे होते. शर्टाची डावी बाही ते दुमडत होते. घडीवर घडी, सावकाश, फौजेत शिकवलेल्या शिस्तीने, कोपराच्या वर.

"आबा, काय करताय?"

बाहेर कोकरं ओरडत होती. लांब कोंडीबाच्या वस्तीवर लाल्या भुंकत होता. घरात मात्र तिच्या एकटीच्या श्वासाचा आवाज होता.

खाली करावा म्हणून तिने आईचा हात धरला. तो खाली होईना. तिने जोर लावला. हात थंड होता, आणि अगदी स्थिर.

मग तिला दिसलं, की शीर वर यावी म्हणून तिचा अंगठा आईच्या कोपराच्या वर दाबून बसला आहे, आणि शीर वर आली आहे.