छपराचं पाणी

नळ आधी खाकरला, मग दोन थेंब टाकून गप्प बसला. हॉलिस तोंडाला साबण लावून तसाच उभा राहिला. बाहेर पाऊस असा कोसळत होता की समोरचा समुद्र दिसत नव्हता आणि या गृहस्थाला तोंड धुवायला पाणी नव्हतं.

"वहिनी," तो टॉवेलनं डोळे चोळत बाहेर आला, "याला सुट्टी म्हणतात?"

वहिनी म्हणजे व्हर्लिन कजो. हॉलिसच्या थोरल्या भावाची विधवा. ग्रेनाडातल्या सेंट जॉर्जेस शहरात तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. हॉलिस निवृत्त बस ड्रायव्हर. तिची गाडी तो चालवायचा आणि कुणी न विचारता मतंही द्यायचा. आठवडाभर आराम करायला दोघं शेजारच्या छोट्या करियाकू बेटावर आले होते. आल्यावर एकच दिवस ऊन मिळालं. मग जो पाऊस लागला तो थांबायचं नाव घेईना. समुद्र खवळला, फेरीबोट बंद झाली आणि मिस यूडोरा बेथेलच्या गेस्टहाऊसमध्ये माणसं कोंडली गेली. डॉमिनो खेळून झाला, भांडून झालं, आता हॉलिस खिडकी ते दार येरझाऱ्या घालत होता.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे ती घंटा.

जुन्या जहाजाची पितळी घंटा. मिस यूडोराच्या नवऱ्याच्या गलबतावरची. रोज दिवेलागणीला मिस यूडोरा ती स्वतःच्या हातानं वाजवायची, दुसऱ्या कुणाला दोरीला हात लावू देत नसे. खालच्या खाडीतली सगळी वस्ती त्या आवाजावर चुली पेटवायची. पाऊस सुरू झाला त्या दुपारी ती जेवणघराच्या आकड्यावरून नाहीशी झाली. संध्याकाळी घंटा वाजली नाही तेव्हाच साऱ्या खाडीला कळलं, आणि रात्र पडायच्या आत कुणी चोरली तेही कळलं. कारण मिस यूडोरानं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"शर्मेन," ती स्वयंपाकघराच्या दारात काठी टेकून उभी होती, "उद्या फेरी सुटणार असं रेडिओवर सांगितलंय. रस्ता मोकळा झाला की हवालदार येईल. त्याआधी घंटा जागेवर ठेव."

शर्मेन, गेस्टहाऊसची स्वयंपाकीण, पीठ मळत होती. तिनं पीठ आणखी जोरात रगडलं. मालकीण गेल्यावर मात्र तिनं हात धुवायला नळ सोडला, नळ कोरडाच राहिला, आणि ती तिथंच स्टुलावर बसून रडायला लागली.

"मिस व्हर्लिन, तुम्ही सगळे उद्या जाल. मी इथंच राहणार. या बेटावर एकदा चोर म्हटलं की मेल्यावरही तेच नाव राहतं. माझा भाऊ भंगाराच्या बोटीवर आहे, पितळ विकतो, एवढंच यांचं कारण. मला कोण कामाला ठेवेल?"

"पाऊस आला तेव्हा तू कुठं होतीस?"

"हिल्सबरोच्या बाजारात, मासळी आणायला. येताना बसमध्येच पावसानं गाठलं. मासेवाली सांगेल, पण ती माझी मावशी. तिचं कोण ऐकतंय?"

"डोळे पूस," व्हर्लिन म्हणाली. "संध्याकाळपर्यंत बघू."

हॉलिसचं मत तयारच होतं. "ती मार्तिनिकची नर्सबाई. पहिल्या दिवशीच म्हणाली होती, ही घंटा समुद्रात फेकून देईन."

नर्सबाई म्हणजे मार्गरितबाई, त्यांनी ते नाकारलं नाही. पुढच्या ओसरीवर त्या पाय हलवत बसल्या होत्या.

"रोज संध्याकाळी डोक्यात घण घातल्यासारखं व्हायचं. गेली ते बरंच झालं. पण मी हात लावलेला नाही. मी इथंच होते. समुद्रावरून पाऊस चालत येताना पाहिला. मिस यूडोरा आत घोरत होत्या, ते इथपर्यंत ऐकू येत होतं."

"मागं, पाण्याच्या टाकीकडे गेला होतात?"

"कसली टाकी? पाणी डोंगरावरून येतं ना? आमच्याकडे तसंच येतं. आणि आज माझी अंघोळ अर्धी राहिली, ते कुणी मालकिणीला सांगेल का?"

दुसरे पाहुणे क्लॉड मर्सर. पन्नाशीचे, टोरांटोहून आलेले, अबोल. खोलीत एकटेच पत्ते मांडून बसले होते.

"मी झोपलो होतो," ते पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाले. "उठलो तेव्हा पाऊस लागलेला होता. या बेटावर पहिल्यांदाच आलोय. असा पाऊस असतो हे माहीत असतं तर आलोच नसतो."

कोपऱ्यात बादली भरलेली होती, वर ताटली झाकलेली. हॉलिसचा जीव त्या बादलीत अडकला.

"कालच भरून ठेवली," मर्सर म्हणाले. "तोंडाला साबण राहिलाय तुमच्या. एक मग घ्या, पण पुरवून वापरा."

भला माणूस, असं हॉलिसनं मनातल्या मनात ठरवून टाकलं.

मिस यूडोराच्या मते पंप बिघडला होता. "एवढ्या पावसात टाकी भरून वाहत असेल. माझे गुडघे धड असते तर मीच पाहिलं असतं. मागच्या पायऱ्या वर्षभरात उतरलेले नाही."

म्हणून व्हर्लिन शर्मेनला घेऊन मागं गेली. छत्री हॉलिसच्या हातात होती आणि भिजतही तोच होता. घराच्या उतारावर सिमेंटची टाकी. छपराच्या पन्हळीतून एक जाड नळी खाली आलेली, तिचं तोंड फिरवता येण्यासारखं. ते तोंड टाकीत नव्हतं. सगळं पाणी धो धो केळींच्या बुंध्यात चाललं होतं.

"अगं बाई," शर्मेन म्हणाली. "नळी बाहेर कशी?"

"बाहेर नसायला हवी का?" हॉलिसनं विचारलं. तो पडला ग्रेनाडाचा, त्याच्या घरी नळाला नदीचं पाणी.

"पहिली सर आली की बाहेर. छपरावर पाखरांची घाण असते, धूळ असते, ती धुऊन जाऊ द्यायची. मग आत. आम्ही हेच पाणी पितो. लहानपणी हे काम पोरांचंच. पहिला थेंब पडला की हातातलं टाकून पळायचं, नाहीतर आई बडवायची." ती नळी फिरवायला वाकली.

व्हर्लिननं तिचा हात धरला. "तासभर राहू दे. आतलं पाणी कसं आहे?"

शर्मेननं लहान झाकण उचलून दोरीला बांधलेला डबा सोडला. बऱ्याच खालून थोडं पाणी आलं. तिनं ओंजळीत घेऊन वास घेतला. "तळाला गेलंय. पण स्वच्छ आहे."

"त्या दिवशी सकाळी नळी कुठं होती?"

"आत. मीच पन्हळ साफ केली, तेव्हा पाहिली. पाऊस आल्यावर मिस यूडोरांनी कुणाला तरी सांगून सगळं केलं असेल असं मला वाटलं. मग चोरीचं सुरू झालं आणि त्यांनी मला स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही."

"आणि ते मोठं झाकण?"

"त्यातून टाकी घासायला उतरतात. वर्षातून एकदा."

व्हर्लिन त्या झाकणाकडे बघत राहिली. हॉलिसला वाटलं, वहिनीला घंटेचा विसर पडला आणि ती आता प्लंबिंगच्या मागे लागली.

दिवेलागणीला पाऊस जरा उतरला. व्हर्लिननं सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. रिकाम्या आकड्याकडे बघायचं सगळे टाळत होते.

"घंटा शर्मेननं घेतलेली नाही," व्हर्लिननं सुरुवात केली. "ते मला टाकीनं सांगितलं."

"टाकीला तोंड कधीपासून फुटलं?" मिस यूडोरा म्हणाली.

"ऐका तर. पाऊस येण्याआधी नळी टाकीत होती. आता बाहेर आहे. ती तशीच आत राहिली असती तर पहिल्या सरीची घाण टाकीत उतरली असती. पण पाणी स्वच्छ आहे. म्हणजे पहिले थेंब पडत होते तेव्हाच कुणीतरी टाकीपाशी उभं होतं, आणि त्यानं नळी फिरवली. कोण? मिस यूडोरांना पायऱ्या उतरता येत नाहीत, आणि त्या झोपलेल्या होत्या. मार्गरितबाईंना घराला टाकी आहे हेच ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं समुद्रावर होतो, आणि आमच्या या भावजींना तर नळीचं ज्ञान आजच झालं."

हॉलिसनं मान डोलावली. ते खरंच होतं.

"मग शर्मेनच राहिली की," मिस यूडोरा म्हणाली.

"शर्मेन हेच पाणी पिते, यातच रांधते. तिनं नळी बाहेर काढली असती तर अर्ध्या तासात आत घेतली असती. तुम्ही तर तिला कोंडलंत तेही अंधार पडल्यावर. ज्यानं बाहेर काढली त्याला परत टाकीकडे जायचा धीर झाला नाही. पाहुण्याचं तिथं काय काम, असं कुणी विचारलं असतं." ती वळली. "मिस्टर मर्सर, टोरांटोच्या माणसाला भर पावसात बादली भरून झाकून ठेवायची बुद्धी होत नाही. बाहेर नदी वाहतेय आणि तुम्ही हॉलिसला एक मग पुरवून वापरायला सांगता. तुम्ही छपराच्या पाण्यावर वाढलेले आहात. घंटा टाकीत सोडायला तुम्ही मोठं झाकण उघडलं, तेवढ्यात पहिला थेंब पडला, आणि हात आपोआप नळीकडे गेला. चोरी करतानाही तुम्हाला टाकीत घाण जाऊ देववली नाही."

मर्सरनी पहिल्यांदाच त्या रिकाम्या आकड्याकडे पाहिलं. हॉलिसला त्यांच्याकडे बघवेना. मग ते म्हणाले, "झाकणाच्या आतल्या कडीला टांगलीय. उद्या बोटीवर न्यायची होती."

"पण का?" मिस यूडोराचा आवाज चिरकला.

"त्या गलबताचे मालक दोघं होते, मिस यूडोरा. खडकावर फुटलं तेव्हा तुमचा नवरा पोहून आला. जोसाया नाही आला. मी जोसायाचा मुलगा. आईनं टोरांटोला जाऊन दुसरं लग्न केलं, मला सावत्र बापाचं आडनाव मिळालं. माझ्या बापाला थडगं नाही. या वर्षी आपल्या बेटाच्या रीतीनं त्याच्या नावाचा दगड बसवून गावाला जेवण घालायचंय, आणि दगडाखाली ठेवायला त्याचं काहीच नाही माझ्याकडे."

मिस यूडोरा काठीवर दोन्ही हात ठेवून त्याच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती.

"बोबो," तिनं शेवटी त्याला लहानपणच्या नावानं हाक मारली. "आमच्या आवारातले आंबे पळवायचास तू. मागितली असतीस तर दिली असती रे." मग थांबली. "खोटं कशाला बोलू. नसती दिली. तुझ्या आईला मी एक शब्द विचारला नाही कधी, तुला कशाला देते?"

"आणि मी?" शर्मेन दारातून म्हणाली. आवाज बारीक होता पण कापत नव्हता. "यांना बाप आठवला, तुम्हाला नवरा आठवला. चोर मी झाले. मिस्टर मर्सर, तुम्ही भिंतीपलीकडून सगळं ऐकत होतात."

"ऐकत होतो," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज सांगू. लाज वाटते मला." त्याची मान वर होईना.

तो आणि हॉलिस मागं गेले. मोठं झाकण दोघांनी मिळून सरकवलं. घंटा दोरीला लोंबत होती, पाणी तिच्या बरंच खाली गेलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हॉलिस मनात म्हणाला. मर्सरनं घंटा वर घेतली, झाकण लावलं, आणि न सांगता नळी आत फिरवली. रिकाम्या टाकीत पाणी आदळल्याचा आवाज वर जेवणघरापर्यंत गेला.

घंटा आकड्यावर चढली. मिस यूडोरानं ती पदरानं पुसावी तशी स्कर्टच्या टोकानं पुसली.

"दगड बसवशील त्या दिवशी येऊन घेऊन जा," ती मर्सरला म्हणाली. "तोवर इथं वाजेल." तिनं सवयीनं दोरी हातात घेतली, आणि थांबली. मग शर्मेनकडे वळली.

"मी चुकले, पोरी. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन. पण रविवार लांब आहे." तिनं दोरी पुढं केली. "वाजव. खाडीला कळू दे, घंटा घरातच होती."

शर्मेननं पिठाचे हात ॲप्रनला पुसले, दोरी धरली आणि जोरात ओढली. मार्गरितबाईंनी या वेळी कानांवर हात ठेवले नाहीत. खाली वस्तीत एक खिडकी उघडली, मग दुसरी, आणि शर्मेन रडत रडत दोरी ओढत राहिली.