मुदत संपलेलं पुस्तक

मेणबत्ती राहू दे गं, नको लावूस. डोळ्यांना सवय होते अंधाराची. आणि तू, दाराला टेकून बसलायस तो, जरा इकडे सरक. का ते शेवटी कळेलच.

ही माझ्या सख्ख्या मामांची गोष्ट. त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेली, आणि थापा मारायला मामांना सवडच नसायची. बाइंडिंगचं काम त्यांचं. दिवसभर फाटकी पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चिकटवायचे. उजव्या अंगठ्याला कायम खळ. तसाच अंगठा घेऊन जेवायला बसायचे आणि आई ओरडायची.

वाचनालयाचा ग्रंथपाल त्यांचा जिवलग. लोक त्याला गप्पराव म्हणायचे, कारण कुणी जरा कुजबुजलं की हा टेबलावर किल्ली आपटायचा. टक, टक. एखादं पुस्तक इकडचं तिकडं झालं तर त्याला जेवण जायचं नाही. मुदत संपूनही कुणी पुस्तक आणलं नाही, की हा संध्याकाळी थेट त्याच्या दारात, आणि तीच किल्ली दारावर. मामांच्या मागे त्याचा एकच लकडा: "अरे, सभासद हो." मामा म्हणायचे, "मी पुस्तकं शिवतो, वाचत नाही. शिंपी काय सगळ्यांचे सदरे घालून बघतो?" रोज भांडायचे आणि रोज भेटायचे.

मग लढाई गावात आली. घरं पडायला लागली तसं गप्परावानं वाचनालयाचं तळघर उघडलं. कपाटांच्या मधल्या बोळांत बायका, पोरं, म्हातारीकोतारी, सगळ्यांची अंथरुणं. जन्मभर लोकांना गप्प करणारा हा माणूस म्हणाला, "बोला रे, बोलत राहा. बाहेरचं ऐकू येत नाही मग." माझी आई होती त्यांच्यात, दिवस भरत आलेली. म्हणजे मीही होतो म्हणा, पण आत. पाय पसरता येतील अशी एकच जागा होती, रस्त्याकडच्या खिडकीखाली. ती तिला दिली.

गुरुवारी संध्याकाळी गप्पराव बादली घेऊन कोपऱ्यावरच्या नळावर गेला. "आलोच," म्हणाला. नळापाशीच गोळा पडला. मामांनी त्याला उचलून आणलं, मागच्या अंगणात स्वतःच्या हातानं पुरलं. किल्ली त्याच्या खिशात होती. ती तशीच राहू दिली.

शुक्रवारी तोफा आणखी जवळ आल्या. खिडकीची काच केव्हाच गेली होती. मामांनी कपाटांतली जाडजाड पुस्तकं काढली आणि विटांसारखी रचून खिडकी बुजवली. शनिवारी सकाळी बघतात तर खिडकी सताड उघडी, आणि पुस्तकं एकूण एक परत कपाटात, आपापल्या जागी. मामा भडकले. "माझी बहीण झोपते तिथं! कुणाला मस्ती आलीय?" मामांनी पुन्हा खिडकी भरली आणि रात्री जागत बसले.

शनिवारची ती रात्र. दिवा लावायची सोय नव्हती, उजेड दिसला की गोळा यायचा. बाकी सगळे झोपलेले. मध्यरात्र उलटली असेल. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात मामांना एक चांदणी दिसली.

आत्ताआत्तापर्यंत तिथं पुस्तक होतं.

मग दुसरी चांदणी. कपाटाशी हलका आवाज... पुस्तक आत सरकल्याचा. मग ते ओळीत दाबल्याचा. पाऊल वाजत नाही. कुणी दिसत नाही. फक्त खिडकी रिकामी होतेय.

"गप्पराव...?"

...

"अरे, मी आहे."

आणखी एक पुस्तक गेलं.

लांबून पहिला गोळा सुटला. आई झोपेत कण्हली. मामांनी हात जोडले. मग शिव्या घातल्या. "पोटुशी आहे रे ती! इतक्या वर्षांची दोस्ती आपली..." आणखी एक चांदणी. जिवंतपणी त्यानं सख्ख्या भावासाठी नियम मोडला नव्हता. आता काय मोडणार?

दुसरा गोळा. जवळ.

आणि मामांना सुचलं. सभासदानं नेलेलं पुस्तक कपाटात लावायचं नसतं.

"माझ्या नावावर दे," मामा म्हणाले. "ही सगळी. माझ्या नावावर... होतो मी सभासद. ऐकतोयस ना? झालो."

आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग तळघरातल्या त्याच्या रिकाम्या टेबलावर... टक. टक.

मामांनी धडपडत पुस्तकं काढली, पुन्हा रचली. शेवटचं बसवलं आणि गोळा समोरच्या रस्त्यात पडला. भिंत हलली. पुस्तकं आत झुकली, पण पडली नाहीत. सकाळी बघितलं, तर सगळ्यांत जाड पुस्तकाच्या पोटात तळहाताएवढं लोखंड रुतलेलं, आईच्या डोक्याच्या बरोब्बर वर. मी आज तुमच्यासमोर बसलोय तो त्या पुस्तकामुळे.

लढाई संपल्यावर मामांनी सगळी पुस्तकं जागेवर लावली. ते एक सोडून. ते घरी आणलं, ह्याच घरी. पंधरा दिवसांची मुदत संपली त्या रात्री दारावर... टक. टक. तेव्हापासून दर पंधरवड्याला. लहानपणी मी आईच्या कुशीत तोंड खुपसायचो. एकदा न राहवून म्हटलं, "मामा, देऊन टाका ना ते पुस्तक!"

मामा हसले. डोळे भरून आले होते त्यांचे. म्हणाले, "दिलं तर तो येईल कशाला?"

मामा जाऊन वर्ष झालं. पुस्तक त्या कपाटात आहे, मीही परत केलेलं नाही. दारावरची किल्लीची खूण जुनीच, कितीदा रंग दिला तरी उमटते. पण हल्ली टकटक झाली, की सकाळी तिच्या शेजारी आणखी एक डाग असतो. अंगठ्याएवढा. खळीचा.

ओला.