समेवर पडलेलं बोट

दृष्टीची नस सुकत चाललेली आणि चाचणीत मात्र पैकीच्या पैकी गुण, असं कसं व्हावं? मिरजेच्या नेत्रकेंद्रातला पारखी नावाचा यंत्रमानव चक्रावून गेला होता. २०५८ साल उजाडलं म्हणून काय झालं, यंत्रांनाही कोडी पडतातच.

खुर्चीत होते मिलिंद आजोबा, चाळीस वर्षं तबला वाजवलेले. त्यांना काचबिंदू (दृष्टीची नस हळूहळू सुकवणारा आजार) होता. पण गुण चांगले येतात म्हणून स्वारीने औषधाचे थेंब परस्पर बंद करून टाकले होते! सोबत त्यांची अकरा वर्षांची नात शर्वरी होती.

चाचणी साधीच. वाडग्यासारख्या पांढऱ्या पडद्यात तोंड घालून समोर बघायचं आणि कुठेही बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. टक... टक... टक... शर्वरीचे कान टवकारले.

"आजोबा, तुम्ही ठेका धरलाय!"

"अगं, दिवे लयीतच लागतात. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) बोट आपोआप पडतं."

पारखीने गुपचूप दिवे बंद केले. आजोबांचं बोट चालूच! दहा वेळा दिवा नाही, तरी नऊ वेळा टक. शर्वरी आ वासून बघत राहिली.

मग पारखीने दिव्यांची लयच मोडली. कधी लगेच, कधी थांबून. आता कित्येक दिव्यांना बटण वाजेचना. आजोबांच्या नजरेचा नकाशा उमटला. डावीकडचा मोठा भाग काळा होता. आणि हा माणूस कालच स्कूटरवरून बाजारात जाऊन आला होता!

"पण मला कुठे काळं दिसत नाही गं," आजोबा पुटपुटले.

"रिकामी जागा मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो. म्हणून पत्ताच लागत नाही," पारखी म्हणाला.

"पुढे काय होईल?" शर्वरीने विचारलं.

"बघू. दिवा दिसल्यावर बोट हलायला थोडा वेळ लागतोच. जुन्या आठ चाचण्यांत त्याआधीच पडलेले टक खोटे, ते वगळू." आलेखावर आठ नवे ठिपके पडले. "एका ठिपक्यावर विसंबायचं नाही, त्या दिवशी माणूस दमलेला असू शकतो. सगळ्यांच्या मधून जाणारी ही कलरेषा (बदलाची दिशा आणि वेग दाखवणारी रेषा). शिवाय आठ ठिपके थोडेच, म्हणून हजारो रुग्णांच्या रेषा कशा उतरल्या तेही जमेस धरलं."

रेषा घसरगुंडीसारखी खाली गेली. "थेंब घातले नाहीत, तर चार ते सात वर्षांत वाचणंही जाईल."

"चार की सात? नक्की सांग ना!"

"नक्की सांगितलं तर ते खोटं होईल. अंदाजाला नेहमी असा रुंद पट्टा असतो."

शर्वरीला रडूच फुटलं. आजोबांनी तिला जवळ घेतलं.

"म्हणजे माझं भविष्यच सांगितलंस की रे," ते म्हणाले.

"छे! ज्योतिष्याला आपलं भाकीत खरं व्हायला हवं असतं. मला माझी ही रेषा खोटी पडायला हवी आहे." पारखीने दुसरी रेषा काढली, जवळजवळ आडवी. "नियमित थेंब घालणाऱ्या बहुतेकांची ही अशी. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली राखता येते."

आजोबांनी मान मागे टाकली. "घाल गं पोरी, आत्ताच घाल."

पारखीने पुढे केलेली थेंबांची बाटली शर्वरीने घाईघाईने दाबली आणि पहिला थेंब आजोबांच्या गालावर पडला. दुसरा बरोबर डोळ्यात गेला.