लाल फुलीचं पातं

“माझ्याच भाच्याची बोटं मी तोडली म्हणतात, बाई!” धारवाला दारातच मटकन बसला.

वहिनींना गावात ‘चिमटा’ म्हणत. धरलेलं सोडत नसत. सोबतीला धाकटा दीर, भावोजी. त्यांची शंका नेहमी चुकीच्या माणसावर.

“गोल करवतीच्या पात्याला तडा दिसला तर मी धार लावत नाही. लाल फुली मारून परत करतो. यावेळी भाचा कामाला आहे त्या लाकडाच्या कारखान्यातून दोन पाती आली. एकावर फुली मारली, दुसऱ्याला धार लावली. मालक म्हणतो, धार लावताना मीच पातं जास्त तापवून जाळलं, म्हणून चालू यंत्रात दात उडाला. भाचाही सांगतो, धार लावून आलेलं म्हणून मालकांनीच पातं हातात दिलं. बहीण माझं तोंड बघत नाही.”

कारखान्यात बहीण आधीच येऊन बसली होती. भावाला पाहताच तिनं मान फिरवली.

यंत्रावर एक दात तुटलेलं पातं होतं. शेजारी अर्धी कापलेली फळी. काप सरळ, कुठे करपल्याचा डाग नाही.

“मी भाच्याला घेऊन दवाखान्यात पळालो,” यंत्राची पाती बदलणारा मिस्त्री म्हणाला. “मागे मालक एकटेच.”

“पोलीस येईपर्यंत इथेच होतो,” मालक गुरगुरला. “त्यांनी कुलूप लावलं, आज उघडलं. मी यंत्राला कधी हात लावत नाही. त्यासाठी माणसं ठेवलीत.”

“मिस्त्रीच!” भावोजी कुजबुजले. “घाम बघा त्याचा.”

“कामगार उभा राहतो तिथे उभे राहा, भावोजी. वरच्या दातांची तोंडं कुठे आहेत?”

“समोर. भिंतीकडे.”

मिस्त्री चपापला.

वहिनींचा आवाज चढला. “ती कामगाराकडे हवीत! पातं उलटं आहे. उलट्या पात्यानं लाकूड करपतं, असा स्वच्छ काप येत नाही. म्हणजे हे पातं अपघातानंतर चढवलं. मिस्त्री तेव्हा दवाखान्यात. आणि रोज पातं बदलणारा ते झोपेतही उलटं बसवणार नाही. ज्यानं यंत्राला कधी हात लावला नाही, त्यानंच बसवलं. धार लावलेलं चांगलं पातं चढवून त्याचा दातही यांनीच हातोडीनं उडवला. खरं पातं दडवायला!”

“पुरावा?” मालक ओरडला.

“पोलीस येईपर्यंत तुम्ही इथेच होतात. मग ते पातंही इथेच आहे. भावोजी, भुशाची पोती उलटी करा.”

तिसऱ्या पोत्यातून खणकन पातं पडलं. तडा गेलेलं, दात उडालेलं. फुली खरवडलेली, पण दातांच्या मुळाशी लाल रंग चिकटून होता.

“नवीन पातं घ्यायला जिवावर आलं होतं तुमच्या!” वहिनींनी ते पातं मालकापुढे आपटलं. “त्यानं धोका लिहून दिला, तुम्ही तो पुसून एका पोराच्या हाती दिलात. वर नाव त्याच्याच मामाचं घेतलंत! लाज कशी वाटली नाही?”

भावोजींनी गुपचूप मिस्त्रीला पाण्याचा पेला दिला.

बहीण उठली. पात्यावरचा लाल रंग तिनं बोटानं चाचपला, मग भावाचा दंड धरला.

“दादा, दवाखान्यात चल आधी. पोराला अजून वाटतंय, तूच केलंस.”