सात नंबरची बाटली

"बाबा, हुंगू नका ना! कुणीतरी बघेल!" थोरली कुजबुजली.

बाबांनी तरीही बाटली नाकाशी नेली. "डिझेलचा वास नाही. छान!" मग त्यांनी तेलाचा एक थेंब टिपकागदावर सोडला. थेंब पसरत गेला. रेल्वे इंजिनांच्या शेडमधल्या या चिंचोळ्या खोलीत त्यांचं दिवसभर हेच काम. तेल तपासायचं आणि इंजिन मोडायच्या आत त्याचं दुखणं सांगायचं.

"म्हणजे तुम्ही इंजिनांचे डॉक्टर!" धाकटा म्हणाला.

"डॉक्टर नव्हे रे, डॉक्टरकडे पाठवणारा."

"आणि नाही पाठवलं तर?" शेजारच्या मुलीने विचारलं. ती कशावरही वाद घालायची, म्हणून तिचं नाव वकीलबाई.

"मग ते स्वतःच रुळांवर आडवं होतं. गाडीसकट!"

तिघं खो खो हसली. सुट्टीतला तो शेवटचा निवांत दिवस.

दुसऱ्या दिवशी तिघं डबा घेऊन आली, तर शेडचे साहेब खोलीत उभे होते. आवाज दारापर्यंत येत होता.

"मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, चार नंबरच्या तेलात तांबं आहे, आतलं बेअरिंग झिजतंय. दोन दिवस इंजिन उघडून ठेवलं. बेअरिंग ठणठणीत! आणि आज चार, सात, नऊ, तिघांच्याही तेलात तांबं? साथ आली आहे का इंजिनांना?"

"तांबं आहे, साहेब," बाबा हळूच म्हणाले. "नाही असं कसं लिहू?"

"उद्या पुन्हा नमुने घ्या. तेच निघालं तर सोमवारपासून या खोलीला कुलूप! तुम्ही भांडारात बसा, नटबोल्ट मोजत."

साहेब गेले. बाबांनी डबा उघडलाच नाही. थोरली टेबलावरच्या बाटल्यांकडे बघत राहिली.

"सात नंबरची बाटली काळी कशी?"

"मग काय गुलाबी असणार?" वकीलबाई म्हणाली.

"अगं, परवाच सात नंबरमध्ये नवं तेल भरलं ना! याच्या शर्टावर उडालं होतं."

"मधासारखं होतं!" धाकटा ओरडला. "आईने मला केवढं झापलं!"

"आणि बॅटरी नाही म्हणून ते इंजिन अजून सुरूही झालेलं नाही. मग तेल काळं झालं कधी?"

बाबांनी झटकन मान वर केली. "तेल बदलल्याचा कागद माझ्याकडे आलाच नाही."

"बाबा, बाटल्या भरतं कोण?"

"मिस्त्रीकाका."

शनिवारी सकाळी तिघं पाण्याच्या नळाजवळच्या बाकावर जाऊन बसली. मिस्त्रीकाका शीळ घालत आले. हातात तीन रिकाम्या बाटल्या. खरं तर त्यांनी प्रत्येक इंजिनावर चढायला हवं होतं. पण ते चढलेच नाहीत! नळाशेजारी यार्डातले डबे ढकलणारं छोटं 'बुटकं' इंजिन उभं होतं. त्याची तेलाची तोटी कमरेइतक्या उंचीवर. काकांनी तिन्ही बाटल्या तिथेच भरल्या आणि चार, सात, नऊ अशा चिठ्ठ्या डकवल्या.

"तीन इंजिनं, तोटी एक!" वकीलबाई पुटपुटली. "हरकत आहे, माय लॉर्ड!"

धाकटा धावत जाऊन साहेबांना आणि बाबांना बोलावून घेऊन आला. "काय रे पोरांनो, आग लागली का?" साहेब वैतागले होते.

थोरलीने गोड आवाजात विचारलं, "काका, ही सात नंबरची बाटली आत्ताच भरलीत ना?"

"हो तर! वर चढून!"

"मग साहेब, सात नंबरची तेल मोजायची कांडी ओढून बघता का?"

साहेबांनी वर चढून कांडी ओढली. तिच्यावरून ओघळणारं तेल मधासारखं होतं!

मिस्त्रीकाकांचा चेहरा पडला. "गुडघे फार दुखतात हो, साहेब. म्हटलं, सगळं तेल एकाच पिंपातलं, काय फरक पडतो?"

"म्हणजे तांबं बुटक्याचं!" बाबा ओरडले. "त्याचा नमुना कुणी मागतच नव्हतं. आता चालवू नका त्याला!"

दुपारी बुटकं उघडलं. बेअरिंग कागदासारखं झिजलेलं. आणखी दोन दिवस चाललं असतं, तर इंजिनच गेलं असतं!

साहेबांनी खोलीत येऊन बाबांचा हात हातात घेतला. "चुकलो मी. खोली उघडीच राहील. आणि मिस्त्री, सोमवारपासून तुम्ही इथे बसून बाटल्या धुवा. चढायला दुसरा माणूस देतो." मग ते मुलांकडे वळले. "शाबास! तुम्हालाच नेमू का नमुने घ्यायला?"

"लेखी द्या!" वकीलबाई म्हणाली.

सगळे हसत बाहेर गेले. थोरली मात्र खोलीतच थांबली.

"बाबा, काल साहेब ओरडले ना, तेव्हा मलाही वाटलं, तुमचंच चुकलं असेल. मी कुणाला बोलले नाही. पण वाटलं."

बाबा बाटलीचं बूच लावत म्हणाले, "मलाही वाटलं होतं. म्हणून तर तीनदा तपासलं."

थोरली इतक्या मोठ्याने बोलली, की बाहेरच्यांनाही ऐकू गेलं.

"बाबा, मला तुमच्यासारखं व्हायचंय!"